लोकजैवविविधता नोंदवही (गोवा)

गावाच्या हद्दीतली झाडेझुडपे, प्राणी, पिकांची वाणे, पाणवठे, देवराया आणि त्यांविषयी लोकांना असलेली माहिती यांची गावकऱ्यांना विचारून केलेली लेखी नोंद. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली. जैवविविधता कायदा, २००२ ने तिला कायद्याचा आधार दिला. कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून नोंदवही तयार करणे हे २००४ च्या नियमांनी या समितीचे मुख्य काम ठरवले. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, म्हणजे नगरपालिका सोडूनही तितक्या वह्या.

वही कोणत्या भाषेत लिहायची, हा प्रश्न गोव्यात वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात वापराची मुभा मिळाली. पण गावागावातला व्यवहार कायद्याच्या कलमांत मावत नाही. सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांत घरात कोकणी बोलतात आणि देवळाचा हिशेब, आरतीची वही, लग्नपत्रिका मराठीत असते; जुन्या पिढीचा हात मराठीतच चालतो. सासष्टीत कोकणी रोमी (रोमन) लिपीत वाचणारे पुष्कळ. डोंगरातल्या धनगर-गवळ्यांची बोली आणखी वेगळी. नोंदवहीचे छापील तक्ते मात्र मुळात इंग्रजीत घडलेले. सांगणारा कोकणीत सांगतो, भरणारा मनात मराठी करून घेतो आणि रकान्यात इंग्रजी उतरते. प्रत्येक पायरीवर थोडे गळते.

काय गळते त्याचे ठळक उदाहरण रोंयणीचे. रोंयण म्हणजे वारूळ. गोव्यात सातेरी देवीची मूळ पूजा याच रूपात होते आणि कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात आजही वारूळच आहे. पावसाळ्यात याच रोंयणीवर अळमी, म्हणजे खाण्याच्या रानअळंब्या, उगवतात. वाळवी चावलेल्या पालापाचोळ्यावर आपल्या वारुळात बुरशी पोसते. त्या बुरशीची फळे म्हणजे ही अळमी. म्हणून त्यांची शेती करता येत नाही, त्या रानातूनच आणाव्या लागतात. श्रावणात रस्त्याकडेला पानात बांधलेले त्यांचे वाटे शेकड्याच्या भावाने विकले जातात, आणि तो भाव ऐकून नवखा गिऱ्हाईक गप्प होतो. कळ्या उमलण्याआधीच सगळ्या ओढून काढल्या तर बीजाणू पडत नाहीत. रोंयणच फोडली तर पुढचे सारेच खुंटते. देवीचे ठाणे, श्रावणातली भाजी आणि ‘रोंयण फोडू नये’ हा दंडक, असे सगळे एका शब्दात बांधलेले आहे. इंग्रजी तक्त्यात तिचे तीन तुकडे होतात. अळमी खाद्य बुरशीत जाते, वारूळ कीटकांत आणि सातेरी, जागा उरलीच तर, ‘इतर’मध्ये.

नावांचा घोळ त्या मानाने सोपा. महाराष्ट्रातला टाकळा इथे तायकिळो होतो, करटुली फागलां होतात, कोकम भिरंड होते. स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव शेजारी शेजारी लिहिले की निभते. प्रमाण मराठीच्या हौसेने ‘फागलां’ खोडून ‘करटुली’ लिहिणारा मात्र इंग्रजी लिहिणाऱ्याइतकेच नुकसान करतो.

वह्या घाईत होण्याचे एक कारण न्यायालयीन आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ९ ऑगस्ट २०१९ च्या आदेशात सर्व राज्यांना ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकल्यास महिन्याला १० लाख रुपये भरपाई ठरवली. आदेशामागचा हेतू रास्त होता, कारण तोवर कायदा होऊन सोळा वर्षे उलटली तरी देशभर काम रेंगाळलेलेच होते. पण ऋतुचक्र पाहायला किमान एक वर्ष हवे. अळमी मार्चमध्ये दिसत नाहीत आणि खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातले, कोरगूट भात पावसाळ्यातच उभे असते. मुदतीच्या धाकाने भरलेल्या वहीत शेजारच्या गावाची यादी उतरली तर नवल नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने समितीची सदस्यसंख्या सात ते अकरा केली. समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, अशी अट २००४ च्या नियमांत होती. ही अट निव्वळ कागदी समजू नये, कारण रानभाजी कोणत्या पावसात, कोणत्या उतारावर येते हे बहुधा बायकांनाच ठाऊक असते. हद्दीतली जैवसंपदा व्यापारासाठी नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार समितीला आहे. पण आपल्या वहीत काय लिहिले आहे हे वाचताच आले नाही, तर कशावर शुल्क मागायचे ते समितीला कळणार कसे?

भरलेली वही ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवणे हा यावरचा साधा, बिनखर्चाचा उपाय. वाचणाऱ्याने मराठीतून वाचावे आणि अडेल तिथे कोकणीत सांगावे. ऐकणारे लगेच दुरुस्त करतात. याच वेळी दुसरी गोष्टही उघड होते. काही माहिती लोकांना लिहून द्यायचीच नसते. वैदू मुळी दाखवतो, पण जागा सांगत नाही. अळमी काढणारी बाई आपली रोंयण सख्ख्या जावेलाही दाखवत नाही. अशा वेळी ठिकाणाचा रकाना कोरा ठेवून पुढे जावे.