आधी अंधार, मग आकाश

हिवाळ्यातली अमावास्या, मोकळा माळ आणि मोठ्या शहरापासून पुरेसे अंतर. आकाशदर्शनाला आपल्याकडे एवढे पुरते. साताऱ्याकडचे माण-खटाव घ्या. जानेवारीत तिथली हवा कोरडी असते, ढग क्वचितच येतात. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण पूर्ण काळोख व्हायला पुढे आणखी सव्वा तास लागतो. सूर्य क्षितिजाखाली 18 अंश जाईपर्यंत वरच्या हवेतून त्याचा प्रकाश विखुरतच राहतो.

हा वेळ डोळ्यांनाही हवाच असतो. उजेडात आपण नेत्रपटलावरच्या शंकू पेशींनी पाहतो. रंग त्यांनाच कळतात, पण अंधूक उजेडात त्या निरुपयोगी ठरतात. तिथे दंड पेशी लागतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते, प्रखर उजेडात ते विघटित होते आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होते. त्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्व लागते, म्हणूनच त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. डोळे नीट सरावायला अर्धा तास तरी जातो, आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की त्यातला बराचसा वाया जातो. लाल उजेडाचा दंड पेशींवर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे अनुभवी मंडळी बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधून येतात. नवख्यांनी दुर्बिणीच्या आधी हा कागद मिळवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आठच्या सुमारास वायव्येला शर्मिष्ठेचे पाच तारे ‘एम’ अक्षरासारखे दिसतात. त्यातल्या जास्त अणकुचीदार टोकाच्या दिशेने वर दीड मूठ जा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. तिथे एक पुसट, लांबट डाग आहे. नेमके त्याच्याकडे पाहिले की तो नाहीसा होतो आणि नजर जराशी बाजूला नेली की परत येतो. आपण रोखून पाहतो तेव्हा प्रतिमा नेत्रपटलाच्या मध्यभागी पडते आणि तिथे दंड पेशीच नसतात. नजर तिरकी केली की प्रतिमा त्यांच्यावर पडते.

तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह, अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे. तिथून हा प्रकाश निघाला तेव्हा आपली मानवजात पृथ्वीवर अवतरलेलीही नव्हती. नुसत्या डोळ्यांनी आपल्याला सहज शोधता येणारी सर्वांत दूरची वस्तू हीच. संध्याकाळभरात दुसरे काही जमले नाही तरी चालेल, देवयानी मात्र चुकवू नये.

आता डोक्यावर पाहा. कृत्तिकांचा झुबका, त्याच्या पूर्वेला तांबूस रोहिणी. रोहिणी साधारण 65 प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास निघाला. आणखी पूर्वेला मृग, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि ती रेघ आग्नेयेकडे वाढवली की व्याध.

मृगाच्या दोन टोकांच्या ताऱ्यांचे, काक्षी आणि राजन्य यांचे, रंग मुद्दाम ताडून पाहावेत. काक्षी नारिंगी आहे, राजन्य निळसर पांढरा. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 3,500 केल्विन, राजन्याचे 12,000च्या आसपास. तापलेल्या वस्तूचा रंग तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी ताऱ्याच्या उष्णतेचा अंदाज बांधता येतो. हीच काक्षी 2019च्या अखेरीस मंदावू लागली आणि फेब्रुवारी 2020मध्ये तिचे तेज नेहमीच्या सुमारे एक तृतीयांशावर आले. तिचा स्फोट होणार अशी चर्चाही झाली. पुढे निरीक्षणांतून दिसले की ताऱ्याने स्वतःच बाहेर फेकलेल्या वायूपासून धूळ बनली होती आणि ती आपल्या बाजूला आडवी आली होती.

बाणाच्या दक्षिणेला अंधूक ताऱ्यांची एक छोटी रांग आहे. तिच्या मधला ठिपका धुरकट दिसतो. द्विनेत्रीतून पाहिले तर तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, असल्याचे कळते. तिथे आजही तारे जन्माला येत आहेत.

दहानंतर दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर अगस्त्य येतो. रात्रीच्या आकाशातला हा व्याधाखालोखाल तेजस्वी तारा. काश्मीरमधून तो जेमतेम क्षितिजाला टेकलेला असतो, आपल्याला मात्र सुखाने पाहता येतो.

हे सगळे दिसायला लागणारा अंधार झपाट्याने कमी होतो आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी आसपासच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे फक्त खाली उजेड टाकतील असे करून घेतले गेले. इतर गावांनाही हे जमण्यासारखे आहे. दिव्याला वरून झाकण असले की आकाशाकडे वाया जाणारा उजेड रस्त्यावर पडतो. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि हवेत तो अधिक विखुरतो, त्यापेक्षा पिवळसर दिवा बरा. तुमची ग्रामपंचायत नवे दिवे मागवत असेल तर या दोन गोष्टी आधीच सुचवा.