मालक-जाहिरात

आपल्या मालाची जाहिरात नटनट्या किंवा क्रिकेटपटूंकडून करून न घेता मालकाने स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची पद्धत. नट आज साबण विकतो, उद्या सिमेंट. मालकाचे घरदार मात्र त्याच एका नावावर चाललेले असते. ग्राहकाच्या लेखी हा चेहरा एक प्रकारे जामीन राहतो.

भारतातले ठळक उदाहरण म्हणजे ‘एमडीएच’ मसाल्यांचे महाशय धरमपाल गुलाटी. 1923 साली सियालकोटमध्ये जन्मलेले गुलाटी फाळणीनंतर दिल्लीत आले, काही दिवस टांगा हाकला आणि मग करोल बागेत मसाल्याचे दुकान थाटले. पगडी, पांढऱ्या मिशा, गळ्यात मोत्यांच्या माळा अशा थाटात ते नव्वदी उलटल्यावरही टीव्हीवर दिसत. अभिनय बेताचाच होता, पण त्याने काही बिघडले नाही. मसाल्यातली भेसळ डोळ्यांना दिसत नाही आणि पाकीट फोडल्याशिवाय वासही कळत नाही. अशा मालाच्या खोक्यावर ओळखीचा म्हातारा माणूस असला की गिऱ्हाइकाचा हात तिकडे वळतो. 3 डिसेंबर 2020 रोजी ते वारले.

सांगणाऱ्यावरचा विश्वास त्याची जाणकारी आणि सचोटी या दोहोंवर ठरतो, अशी मांडणी हॉवलँड, जॅनिस आणि केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1953 मध्ये केली. जाणकारीत मालक सहज पास होतो. सचोटीशी गाडी अडते, कारण त्याचा स्वार्थ उघड असतो. यावरच्या तोडी मोठ्या गमतीच्या आहेत. क्रायस्लर ही अमेरिकी मोटार कंपनी बुडण्याच्या बेतात असताना ली आयाकोका यांनी ‘याहून चांगली गाडी मिळाली तर खुशाल घ्या’ असे सांगितले. ते कंपनीचे मालक नव्हते, प्रमुख होते. प्रेक्षकाला हा फरक सहसा जाणवत नाही. रेमिंग्टनचे व्हिक्टर कियाम तर ‘शेव्हर इतका आवडला की कंपनीच विकत घेतली’ म्हणत, म्हणजे मालक व्हायच्या आधी आपण गिऱ्हाईकच होतो हे ठसवत.

महाराष्ट्रात सहल कंपन्यांच्या जाहिरातींत हे बरेच दिसते. ‘वीणा वर्ल्ड’च्या वीणा पाटील यांचा चेहरा वाचकांना परिचित आहे. सहलीचे पैसे आधी भरायचे आणि माल नंतर पाहायचा, तेव्हा कंपनीपेक्षा माणसावर भरवसा ठेवणे सोपे जाते.

व्यक्ती अडचणीत आली की ब्रँडही सापडतो. 2018 मध्ये जॉन श्नॅटर यांच्या वर्णद्वेषी शब्दावरून वाद पेटला, तेव्हा ‘पापा जॉन्स’ या अमेरिकी पिझ्झा कंपनीला जाहिरातींतून संस्थापकाचाच चेहरा काढावा लागला. नट असता तर करार मोडून भागले असते.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसेच घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्यांची पुरेशी शहानिशा केली होती, असे दाखवून नटाला सुटता येते. माल स्वतःच्याच कारखान्यात तयार होत असताना हा बचाव मालकाच्या तोंडी फारसा शोभत नाही.