कणाच्या वजनात पाणी किती धरायचे?

दिवसभर हवा ओढून झालेला पीएम २.५ चा (म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचा) फिल्टर प्रयोगशाळेत आला, की तो लगेच तराजूवर चढत नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे त्याला किमान २४ तास एका खोलीत नुसते ठेवावे लागते. खोलीचे तापमान २० ते २३ अंश सेल्सियस, सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्के. युरोपच्या प्रमाणपद्धतीत हीच खोली १९ ते २१ अंशांची आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्के. म्हणजे एकाच हवेतला एकच कण अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर वेगवेगळे पाणी अंगावर घेऊन तराजूवर बसतो. दोन्ही वजने नियमात बसणारी आणि दोन्ही आपापल्या जागी अचूक. ही विसंगती समजून घ्यायची, तर कणात पाणी शिरते हे कोणाच्या आणि कसे लक्षात आले, तिथून सुरुवात करावी लागते.

हवेतला ओलावा मोजण्याचे साधन कण मोजण्याच्या साधनापेक्षा शंभर वर्षांनी जुने. जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये मानवी केसाचा आर्द्रतामापक जगापुढे ठेवला. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, एवढ्यावर तो चालत असे. कणांची पाळी बरीच उशिरा आली. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये पॉल-जाँ कूलिए यांनी दाखवले, की कापसातून गाळलेल्या हवेत धुके धरत नाही. पाचेक वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले आणि त्या दशकाच्या अखेरीस धुलिकण मोजायचे यंत्रही बनवले. नमुन्याची हवा वाफेने भरायची, एकदम प्रसरण पावू द्यायची, प्रत्येक कणावर थेंब धरला की खाली पडलेले थेंब भिंगातून मोजायचे. कण मोजणारे हे सुरुवातीचे यंत्र पाणी काढून नव्हे, तर पाणी चढवून चालत होते, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या सगळ्या यंत्रांची धडपड नेमकी उलट दिशेने होणार होती.

एटकिन यांच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट होती. हवेत कणांची संख्या तेवढीच असली, तरी दमटपणा वाढला की दूरचे डोंगर अंधूक दिसतात. संपृक्ततेला पोचण्याच्या कितीतरी आधीच कण पाणी ओढू लागतात, असा त्याचा अर्थ. याचे गणित स्वीडनच्या हिल्डिंग क्यूलर यांनी मांडले. नॉर्वेतल्या हाल्डे शिखरावरच्या वेधशाळेत ते गोठलेल्या धुक्यातले क्षार तपासत असत. १९२० च्या दशकात सुरू झालेल्या या कामाची प्रौढ मांडणी १९३६ मध्ये आली. त्यांच्या समीकरणात दोन ओढी एकमेकींविरुद्ध उभ्या आहेत. थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग वक्र आणि तितके पाणी उडून जायला सोपे. उलट थेंबात विरघळलेला क्षार पाण्याला धरून ठेवतो. कण शेवटी किती फुगणार, ते या रस्सीखेचीवर ठरते.

पण कोरडा क्षार हळूहळू फुगत नाही. मिठाला पाणी सुटते ते एका ठरावीक टप्प्यावर. शुद्ध सोडियम क्लोराइडसाठी तो टप्पा सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेचा, अमोनियम सल्फेटसाठी सुमारे ८० टक्के, अमोनियम नायट्रेटसाठी ६२ च्या आसपास. (खोलीच्या तापमानाचे हे आकडे आहेत. थंडीत ते थोडे सरकतात.) त्या टप्प्याखाली कण कोरडा स्फटिक असतो आणि टप्पा ओलांडला की एकदम खारट थेंब होतो. परतीची वाट मात्र वेगळी. ओला झालेला अमोनियम सल्फेटचा कण ८० टक्क्यांखाली आला, तरी पाणी सोडत नाही. आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत उतरावी लागते, तेव्हा कुठे तो पुन्हा स्फटिक होतो. म्हणून ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत दोन कण शेजारीशेजारी असू शकतात, दोघांत क्षार सारखाच, पण एक कोरडा आणि एक ओला. कोण कुठल्या वाटेने आला, त्यावर ते ठरते. फिल्टर निवांत ठेवण्याच्या खोलीची आर्द्रता ३५ असावी की ५०, या प्रश्नाची गाठ इथेच आहे. पस्तिशीत सल्फेट बहुतेक पाणी सोडून मोकळा होतो. पन्नाशीत तो आधी ओला झाला असेल, तर ओलाच बसून राहतो.

हे पाणी थोडेथोडके नसते. ८० टक्के आर्द्रतेला अमोनियम सल्फेटच्या थेंबाचा व्यास कोरड्या कणाच्या जवळजवळ दीडपट होतो. व्यास दीडपट म्हणजे आकारमान तिपटीहून जास्त. पाणी क्षारापेक्षा हलके असल्यामुळे वजन तेवढे वाढत नाही, तरी दुपटीच्या वर जाते.

इतके माहीत असूनही प्रदूषण मोजणाऱ्यांना पाण्याची अडचण बराच काळ जाणवली नाही. कारण ते वजन करतच नव्हते. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज तेव्हा बांधला गेला आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या काळी ब्रिटनमधला धूर मोजला जाई तो फिल्टरच्या कागदावर पडलेल्या डागाच्या काळेपणावरून. काजळीचा डाग ओला असो वा कोरडा, काळाच दिसतो.

अमेरिकेने १९७१ मध्ये हवेतल्या एकूण तरंगत्या कणांचे मानक आणले तेव्हा वजन आले, आणि वजनाबरोबर ओल आली. तरीही तेव्हाच्या नमुन्यात मातीची जाड धूळ भरपूर असे, आणि ती पाणी फारसे धरत नाही. खरा पेच मानके बारीक कणांकडे सरकली तेव्हा पडला. १९८७ मध्ये पीएम १० चे मानक आले. १९९३ मध्ये हार्वर्डच्या सहा शहरांच्या अभ्यासाने बारीक कण आणि मृत्यूदर यांचा संबंध दाखवला. १९९७ मध्ये पीएम २.५ चे मानक आले. बारीक कणांत सल्फेट, नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ यांचा वाटा मोठा असतो, आणि नेमकी हीच मंडळी पाण्याची भुकेली. शिवाय वजनही चिमूटभर. मिनिटाला १६.७ लिटर हवा दिवसभर ओढली, की २४ घनमीटर होते. हवेत घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम कण असतील, तर फिल्टरवर जमतात ३६० मायक्रोग्रॅम. फिल्टरचे स्वतःचे वजन याच्या शेकडो पट असते. त्यात फिल्टरनेच ओल धरली, तर कणांचे वजन शोधायचे कुठे? म्हणून पाणी पिणारे सेल्युलोजचे कागद मागे पडले आणि टेफ्लॉनचे फिल्टर आले. टेफ्लॉनची खोड वेगळी. खोली कोरडी असली, की त्यावर स्थिर विद्युत जमते आणि तराजू भरकटतो. त्यासाठी वजनाच्या खोलीत किरणोत्साराने ती विद्युत घालवणाऱ्या पोलोनियम-२१० च्या पट्ट्या ठेवण्याची पद्धत पडली. दमटपणा आवरायला जावे, तर कोरडेपणा अंगावर येतो.

फिल्टरचे उत्तर दिवसांनी मिळते. नागरिकांना आणि प्रशासनाला ते तासाभरात हवे होते. त्यातून आलेल्या यंत्रांपैकी एकात निमुळत्या काचनळीच्या टोकावर फिल्टर बसवलेला असतो. नळी सतत कंप पावते आणि फिल्टरवर कण जमतील तसा कंपनाचा वेग उतरतो. कल्पना अतिशय देखणी होती, पण पाणी आत येऊन चालणार नव्हते. मग सोपा उपाय काढला : नमुन्याची हवा ५० अंशांपर्यंत तापवायची. तापमान दहा-अकरा अंशांनी वाढवले, की सापेक्ष आर्द्रता साधारण निम्मी होते, त्यामुळे बाहेर कितीही पाऊस असला, तरी आतली हवा कोरडी.

या उपायाने पाण्याबरोबर प्रदूषणही उडून गेले. अमोनियम नायट्रेट उष्णतेने अमोनिया आणि नायट्रिक आम्ल या वायूंत विघटित होते. काही सेंद्रिय पदार्थांचेही तेच. थंडीत, जेव्हा हवेत नायट्रेट सर्वांत जास्त, तेव्हाच यंत्र सर्वांत कमी आकडा दाखवू लागले. ब्रिटनमध्ये यावर तोडगा म्हणून आकड्याला १.३ ने गुणायचे ठरले. मला हा तोडगा नेहमीच केविलवाणा वाटत आला आहे. उडून गेलेल्या नायट्रेटचा वाटा रोज, ऋतूगणिक, गावागणिक बदलतो, आणि त्याची भरपाई मात्र एकाच ठरलेल्या आकड्याने.

सुटका झाली ती वेगळ्याच क्षेत्रातून आलेल्या एका पदार्थामुळे. ड्यूपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात नाफियॉन बनवले. टेफ्लॉनसारख्या साखळीला सल्फोनिक आम्लाचे गट जोडलेले हे बहुलक मुख्यतः विद्युतविघटनाच्या घटांत वापरले गेले. त्याच्या पडद्यातून पाण्याचे रेणू झपाट्याने आरपार जातात. त्याची बारीक नळी करून आतून नमुना आणि बाहेरून कोरडी हवा सोडली, की पाणी बाहेर जाते, कण आत राहतात आणि तापवण्याची गरज उरत नाही. २००० नंतरच्या सुधारित कंपन-तराजूंत ही नळी बसली. त्यांतला एक प्रकार तर सहा मिनिटे नेहमीचा नमुना घेतो आणि पुढची सहा मिनिटे ४ अंशांवरच्या फिल्टरमधून गाळलेली हवा घेतो. त्या स्वच्छ हवेत फिल्टरचे वजन जेवढे घटेल, तेवढे उडून गेलेले द्रव्य समजून हिशेबात परत जमा होते. नाफियॉनलाही एक खोट आहे : त्यातून अमोनियाही निसटतो.

दुसरी जुनी रीत सिलिका जेलची. जाळीच्या नळीभोवती जेलचे दाणे भरायचे आणि मधून हवा सोडायची. वाफेचे रेणू कणांपेक्षा हजारो पटींनी वेगाने विसरण पावत बाजूला जातात, म्हणून ते जेलपर्यंत पोचतात आणि कण सरळ पुढे निघून जातात. अगदी बारीक, दहा-वीस नॅनोमीटरचे कण मात्र थोडे अडकतात. जेल संपृक्त झाली, की बदलण्याची आठवण कोणीतरी ठेवावी लागते, आणि माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत मोठी त्रुटी तीच आहे.

सुकवण्याची गरज किती, हे हवामानावरही ठरते. बाहेर ५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा यंत्र ठेवलेल्या २० अंशांच्या केबिनमध्ये आणली, की तिची आर्द्रता आपोआप ३४ टक्क्यांच्या आसपास येते. थंड देशांतल्या प्रयोगशाळांना हा फायदा फुकट मिळाला. तेच यंत्र उष्ण आणि दमट हवेत नेले तर? बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. वातानुकूलित केबिन २४ अंशांची ठेवली, की नमुन्याच्या नळीतच दव धरते. यंत्र जपण्यासाठी लावलेली थंड हवाच नमुना बिघडवते. तिथे नळीला उष्णतारोधक आवरण घालणे आणि केबिनच्या आत शिरण्याआधीच हवा सुकवणे याला पर्याय नसतो.

पाणी फेकूनच द्यावे, असे सगळ्यांना वाटत नव्हते. दृश्यमानता अभ्यासणाऱ्यांना ते हवेच होते, कारण डोंगर अंधूक करणारा कण ओलाच असतो. कणांनी विखुरलेला प्रकाश मोजणारे नेफेलोमीटर १९४९ मध्ये ब्युटेल आणि ब्रूअर यांनी मांडले. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट चार्ल्सन आणि सहकाऱ्यांनी त्यात मुद्दाम आर्द्रता वाढवत नेली आणि प्रकाश किती पटींनी जास्त विखुरतो ते नोंदवले. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांत दृश्यमानतेवर लक्ष ठेवणाऱ्या जाळ्याच्या सूत्रात तो गुणक आजही बसलेला आहे. जागतिक हवामान संघटनेने मधला मार्ग काढला. तिच्या केंद्रांनी कणांचे गुणधर्म ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत मोजावेत म्हणजे ठिकाणाठिकाणची तुलना होईल, आणि ओल्या हवेतले वर्तन हवे असल्यास वेगळे मोजावे.

आता घराच्या भिंतीवर टांगता येणारे स्वस्त लेझर संवेदक आले आहेत. त्यांत सुकवणारी नळी नसते आणि तराजूही नसतो. असतो तो विखुरलेला प्रकाश आणि त्यावरून बांधलेला अंदाज. त्यामुळे धुक्याची सकाळ त्यांना प्रदूषणाची सकाळ दिसते. अमेरिकी पर्यावरण संस्थेने पर्पलएअर कंपनीच्या अशा संवेदकांसाठी काढलेल्या दुरुस्तीत सापेक्ष आर्द्रतेच्या प्रत्येक टक्क्यामागे घनमीटरला ०.०८६२ मायक्रोग्रॅम वजा करतात. ही वजाबाकी सरळ रेषेची आहे, कणाची वाढ तशी नाही. ९० टक्क्यांपुढे ती जवळजवळ उभी चढते. म्हणून काहींनी या संवेदकांच्या तोंडाशी तापवलेली नळी बसवून पाहिली आहे. नळी तापली, की अमोनियम नायट्रेट पुन्हा उडू लागते.