लाटण्याने छापलेला पेपर

वाफेचं इंजिन आलं आणि पेपर धडाधड छापले जायला लागले, असं एक फॉरवर्ड परवा परत आलं. अर्धीच गोष्ट आहे ही, आणि गाळलेली अर्धी जास्त भारी आहे.

'आल्गेमाइने त्साइटुंग' हा जर्मन पेपर कोट्टा नावाच्या प्रकाशकाने १७९८ मध्ये ट्युबिंगेनला काढला. मग श्टुटगार्ट, उल्म असं करत १८१० ला आउग्सबुर्गला आला, कवी हाइने पॅरिसहून त्यात लिहायचा. १८२४ मध्ये कोट्टाने तिथे बव्हेरियातलं (जर्मनीतला हा प्रांत) पहिलं वाफेवरचं छपाई मशीन बसवलं.

आता खरी गंमत. आधीच्या प्रेसमध्ये सपाट पाटा खिळ्यांवर (म्हणजे जुळवलेल्या धातूच्या अक्षरांवर) दाबायचे, म्हणजे आपला पुरी प्रेस. पुरी होते, पण त्यात मोठी पोळी करून बघा, हात भरून येतील, कारण सगळ्या गोळ्यावर एकदम जोर लागतो. ५० बाय ४० सेंटीमीटरचा कागद घ्या, दर चौरस सेंटीमीटरला १ किलोचा दाब हवा असं धरू, झाले २००० किलो! फ्रीडरिश कोएनिग या जर्मन संशोधकाने पाट्याऐवजी सिलिंडर लावला, म्हणजे लाटणं. लाटणं एका वेळी बारीक पट्टीवरच टेकतं, ती अर्धा सेंटीमीटर रुंद धरली तर २५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे २५ किलोत काम. खिळ्यांचा ट्रे खालून सरकतो, कागद सिलिंडरला गुंडाळलेला, पट्टी पुढे पुढे जात पान पूर्ण. लंडनच्या 'टाइम्स'ने १८१४ मध्ये अशा मशीनवर तासाला ११०० प्रती काढल्या, हातप्रेसवर जेमतेम दोन-अडीचशे निघायच्या. नंतर कित्येक ठिकाणी हेच मशीन माणसं चाक फिरवून चालवायची, वाफ नव्हतीच, तरी हातप्रेसला ते मागे टाकायचं.

शाई लावायचे रूळ पुढे सरस आणि काकवी शिजवून ओतायला लागले, मऊ पण चिवट. जर्मनमध्ये छपाईला 'काळी कला' म्हणतात, जादूटोण्यालाही तोच शब्द, त्यावरून सैतानाच्या कथाही रचल्या गेल्या. काळं काय होतं तर काजळी आणि जवसाचं तेल, बस.

एक अडचण उरलीच, तो जड ट्रे दर पानाला मागे आणावा लागायचा, थांबवा, उलटा फिरवा, त्यात वेळ जायचा. मग खिळ्यांचं पानच गोल केलं तर? आउग्सबुर्गच्याच मशीन कारखान्याने १८७३ मध्ये रोटरी प्रेस बनवला (डिझेलचं इंजिन पुढे इथेच झालं). खिळे वाकत नाहीत, म्हणून जुळवलेल्या पानावर ओला जाड पुठ्ठा दाबून ठसा घ्यायचा, वाळला की अर्धगोल वाकवायचा आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं.