‘विंडोज टाकून देतो’: चोरीच्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात सुटे भाग जोडून बनवलेला ‘असेंबल्ड’ संगणक घरोघरी आणि छोट्या ऑफिसांत पोहोचला. मुंबईत त्याचा बाजार म्हणजे लॅमिंग्टन रोड. कोटेशनमध्ये मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट यांचे दर ओळीने लिहिलेले असत. विंडोज आणि ऑफिसची ओळच नसे. दुकानदाराने ‘ते टाकून देतो’ म्हटले, म्हणजे बिनपरवाना प्रत घालून दिली, की विषय संपला. आमच्या मते या प्रकरणातला सर्वात मोठा अन्याय इथेच आहे. निर्णय विक्रेता घेतो, आणि पुढे डेटा जातो तो गिऱ्हाइकाचा.

कायदा तेव्हाही होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. १० मे १९९५पासून कलम ६३ बी लागू झाले: बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणाने कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते.

२००१मध्ये विंडोज एक्सपीबरोबर अ‍ॅक्टिव्हेशन आले. प्रत परवान्याची आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टकडे तपासले जाऊ लागले. मोठ्या कंपन्यांच्या प्रतींना ते लागत नसे, म्हणून तशाच एका प्रतीचा बाहेर फुटलेला परवाना-कोड सगळीकडे फिरला. २००२च्या सर्व्हिस पॅक १ने (एक्सपीचे मोठे अपडेट) तो अडवला. पुढे विंडोज ७च्या काळात २०१०मध्ये आलेले एक अपडेट नकली प्रती ओळखून डेस्कटॉप काळा करी. दुकानांनी यावर सोपा इलाज काढला: अपडेटच बंद करून द्यायचे.

खरे नुकसान या इलाजाने केले. १४ मार्च २०१७ला मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीसाठी एमएस१७-०१० हा पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच त्रुटीतून पसरला, फायली कुलूपबंद करून ३०० डॉलरची खंडणी मागू लागला. त्यात सापडलेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ची होती. पॅच येऊन दोन महिने होत आले होते, पण अपडेट बंद असलेल्या यंत्रापर्यंत तो पोहोचणार कसा? शिवाय वॉनाक्राय फाइल शेअरिंगच्या पोर्ट ४४५वरून (नेटवर्कचे एक दार) कुणी क्लिक न करताही पसरे, त्यामुळे ऑफिसातला पॅच नसलेला एक पीसी तशाच इतर पीसींनाही पुरे होई.

आज चोरीची एक मोठी वाट केएमएसची (की मॅनेजमेंट सर्व्हिस) आहे. अनेक पीसी एकाच ठिकाणाहून परवानाधारक करण्याची, मोठ्या संस्थांसाठीची ही सोय विंडोज विस्टापासून आली: संस्थेच्या आत एक सर्व्हर, किमान २५ पीसी. अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि पीसी दर ७ दिवसांनी ते ताजे करतो. ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाचे चोरीचे साधन तुमच्याच पीसीवर किंवा बाहेर कुठेतरी खोटा केएमएस सर्व्हर उभा करते. मुदत सतत वाढवायची म्हणून ही साधने बरेचदा पीसीत शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम, ठेवून जातात. चालवण्यापूर्वी डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करा, फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) टाका, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असे सांगितले जाते. एवढे केल्यावर त्या फाइलमध्ये आणखी काय आहे हे पाहणारे कुणी उरत नाही. २०२१मध्ये केएमएसपिको या अशाच साधनाच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा माहितीचोर प्रोग्राम पसरवला जात होता; तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट उचलतो.

आपल्या पीसीची तपासणी दोन मिनिटांची आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून ‘/डीएलव्ही’ (इंग्रजी अक्षरांत) टाइप करा. येणाऱ्या चौकटीत ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ दिसले आणि पीसी घरचा किंवा तीन टेबलांच्या ऑफिसचा असेल, तर परवाना खरा असणे जवळपास अशक्य, कारण २५ची अटच पूर्ण होत नाही. तसे दिसले नाही तरी प्रत अस्सलच असेल असे नाही. दुकानदाराकडे विंडोजच्या नावाचे वेगळे बिल मागा. घ्यायला पैसे नसतील तर विंडोजऐवजी लिनक्स आणि ऑफिसऐवजी लिबरऑफिस मोफत आहेत, आणि युनिकोड मराठी दोन्हींत नीट चालते. चोरीची प्रत काढायची ठरली, तर आधी फक्त आपल्या फायलींचा बॅकअप घ्या, डिस्क पूर्ण फॉरमॅट करा आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला. नुसता अ‍ॅक्टिव्हेटर अनइन्स्टॉल केल्याने त्याने मागे सोडलेले टास्क आणि एक्स्क्लूजन जातीलच असे नाही.