तिसऱ्या स्ट्राईकला मूठ वळली म्हणजे आऊटच? तसं नसतं हो

बेसबॉलमध्ये अंपायरने तिसऱ्या स्ट्राईकला (स्ट्राईक म्हणजे साधारणपणे बॅटरने चुकवलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला बॉल) मूठ वळून हात झटकला की बॅटर आऊट, हा समज इतका पसरलाय की खेळणारेही कधीकधी फसतात. तो इशारा फक्त स्ट्राईकचा असतो. कॅचरने (बॅटरच्या मागे बसणाऱ्या खेळाडूने) बॉल हवेतच नीट पकडला तर आऊट, पण हातातून सुटला किंवा आधी टप्पा पडला आणि फर्स्ट बेस (बॅटरला पळत गाठायचा पहिला थांबा) रिकामा असेल किंवा दोन आऊट झालेले असतील तर बॅटर पळू शकतो, मग त्याला टॅग करा (बॉल हातात धरून स्पर्श करा) नाहीतर बॉल फर्स्टला टाका. फास्टपिच (वेगाने बॉल टाकायच्या) सॉफ्टबॉलमध्येही साधारण हेच, स्लोपिचमध्ये (हळू टाकायच्या प्रकारात) नाही. फर्स्टवर रनर असेल आणि आऊट दोनपेक्षा कमी, तर बॅटर तसाही आऊटच, म्हणून तेव्हा अंपायर ‘बॅटर इज आऊट’ असं मोठ्याने ओरडतो, उगाच धावाधाव नको.