पट्टेरी पाइपफिश आम्ही का विकत नाही

मरीन टँक (खाऱ्या पाण्याची माशांची काचपेटी) लावणारे बरेच ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवून विचारतात, "हा मासा मिळेल का?" फोटो पट्टेरी पाइपफिशचा असतो. पिवळसर अंगावर गडद तांबूस कडी आणि पांढऱ्या काठाची लाल शेपटी. मोह पडावा इतका देखणा आहे खरा. पण तो आमच्याकडे मिळणार नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

हा समुद्रघोड्याच्या कुळातला. तांबड्या समुद्रापासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळ खडकांत राहतो. लांबी फार तर १९ सेंटिमीटर. उघड्यावर क्वचितच येतो. कपारीत, गुहेत, खडकाच्या आडोशाला जोडीनं किंवा लहान गटानं असतो, पुष्कळदा छताला लागून चक्क उलटा.

त्याचं तोंड म्हणजे लांब नळी आणि टोकाला इवलंसं भोक, दात नाहीतच. कोळंबीच्या जातीतला एखादा बारीक जीव टप्प्यात आला की डोकं झटक्यात वर उचलतो आणि पाण्यासकट त्याला आत ओढतो. हे इतक्या वेगानं होतं की आपल्या डोळ्यांना कळतही नाही. त्याला जठर नसतं, त्यामुळे एकदा पोटभर खाऊन भागत नाही, दिवसभर टिपत राहावं लागतं. टँकमध्ये त्याचे हाल होतात ते इथेच. सुक्या खाद्याकडे तो बहुधा बघतही नाही, आणि जिवंत खाद्य टाकलं तर चपळ शेजारी आधी फस्त करतात. मासा हळूहळू उपाशी मरतो, हे आम्हाला बघवत नाही.

अंडी सांभाळतो तो नर. मादी ती त्याच्या पोटाखाली चिकटवते. समुद्रघोड्यासारखी बंद पिशवी त्याला नाही, त्यामुळे अंडी बाहेरून दिसतात, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो ती तशीच घेऊन फिरतो.

शिवाय कायदाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, समुद्रघोडे आणि पाइपफिशचं अख्खं कुळ २००१ मध्ये घातलं गेलं. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा. "इंपोर्टेड आहे" म्हणून कुणी देऊ केला तरी भरीला पडू नका.

टँकमध्ये रंग हवा असेल तर टँकमध्येच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी घ्या. दाणेदार खाद्य आवडीनं खाते. तुमच्यासमोर खाऊन दाखवल्याशिवाय आम्ही मासा पिशवीत भरत नाही.